ग्रीक 'अनागिग्नोस्को'चा अर्थ 'वाचणे' कसा काय झाला? 'गिग्नोस्को' म्हणजे तर जाणणे ना?

हो, गिग्नोस्को म्हणजे जाणणे, ओळखणे. आपल्या संस्कृत 'ज्ञा' धातूचा सख्खा भाऊच म्हणा. मूळ भाग फक्त 'ग्नो', त्याआधीचा 'गि' हा द्वित्वाचा, म्हणजे धातूचाच पहिला आवाज पुन्हा (जिज्ञासा मधला 'जि' आठवा), 'स्क' हा वर्तमानकाळात लागणारा प्रत्यय आणि शेवटचा 'ओ' म्हणजे 'मी'. त्याला 'अना' हा उपसर्ग लागला, त्याचा अर्थ वर किंवा पुन्हा, इथे पुन्हा. म्हणजे शब्दशः 'पुन्हा ओळखणे', आणि वाचणं म्हणजे तरी दुसरं काय हो, कानाने माहीत असलेला शब्द अक्षरांत परत ओळखायचा, त्यात ग्रीक लोक तेव्हा दोन शब्दांत जागाच सोडायचे नाहीत त्यामुळे हे ओळखणं बरंच कष्टाचं असणार, आणि वाचायचेही बहुतेक मोठ्याने.

गंमत भूतकाळात आहे. 'मी वाचलं' = अनेग्नोन. भूतकाळाचा 'ए' उपसर्गाच्या आधी नाही तर उपसर्ग आणि धातूच्या मधे घुसतो: अन्-ए-ग्नोन. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर प्र + अविशत् = प्राविशत् आठवेल, सेम प्रकार. म्हणून डिक्शनरीत शोधताना आधी उपसर्ग सोलून काढायचा, नाहीतर शोधत बसाल.

आणि अर्थ सगळीकडे वाचणेच घेऊ नका, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसकडे हेच क्रियापद 'एखाद्याचं मन वळवणे' अशा अर्थानेही येतं.

बायबलच्या प्रेषितांची कृत्ये ८:३० मधे गिग्नोस्को आणि अनागिग्नोस्को दोन्ही शेजारी सापडतात, ख्रिस्ती प्रचारक फिलिप वाचत बसलेल्या एका माणसाला विचारतो 'गिनोस्केइस हा अनागिनोस्केइस?' म्हणजे वाचतोयस ते समजतंय का? (मधला 'हा' ग्रीक, अर्थ 'जे'.) (तिथे नंतरचं स्पेलिंग आहे, एक ग गळालाय.)