‘सात’ आणि ‘आठ’: आईंच्या विसरण्यामागे कान तर नाहीत ना?

७२ वर्षांच्या आईंना सकाळी सांगितलेले दुपारी आठवत नाही, कानांनीही कमी ऐकू येते, तेव्हा श्रवणयंत्राने स्मरणशक्ती सुधारेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या वडिलांच्या बाबतीत हेच घडले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

सातची गाडी आहे असे सांगितले, तरी वडील आठच्या हिशेबाने तयारी करत आणि आम्ही त्याला विसरभोळेपणा म्हणत असू. उतारवयातल्या बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज आधी जातात. ‘स’सारखी व्यंजने त्याच पट्टीत असल्यामुळे ‘सात’ आणि ‘आठ’ त्यांना जवळजवळ सारखेच ऐकू येत होते, हे ऑडिओग्राम (कोणत्या पट्टीचे किती ऐकू येते, याचा आलेख) काढल्यावर आम्हाला समजले. जे कानावर नीट पडलेच नाही, ते लक्षात राहणार कसे? शिवाय तुटक शब्द जुळवून अर्थ लावण्यातच मेंदू इतका गुंतून पडतो की ऐकलेले साठवून ठेवायला त्याला उसंत मिळत नाही. पुढेपुढे माणूस चारचौघांत बसणेच टाळतो, आणि ते एकटेपणही बुद्धीला मारक ठरते.

मात्र यंत्राने गेलेली स्मृती परत येत नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षे झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अचीव्ह’ अभ्यासात सर्वांचा एकत्रित विचार करता श्रवणयंत्र दिलेल्या आणि न दिलेल्या गटांच्या बौद्धिक घसरणीत फरक आढळला नाही. पण ज्यांना मुळातच धोका अधिक होता, त्या गटात बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी दिसली. मला हा निष्कर्ष जाहिरातींतल्या आश्वासनांपेक्षा मोलाचा वाटतो.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कानात मळ नाही ना, हे पाहून घ्या आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही तपासणी होते. यंत्र लावल्यावर पहिले काही दिवस भांड्यांचा खणखणाट, वर्तमानपत्राची सळसळसुद्धा असह्य होते. वडिलांनी तर यंत्र कपाटात ठेवून दिले होते. ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) दोनदा यंत्राचा आवाज जुळवून घेतल्यावरच ते रुळले. कृपया तेवढा धीर धरा.

एवढे करूनही विसरणे कमी झाले नाही, तर मेंदूविकार तज्ज्ञांना अवश्य दाखवा; आणि तिथले प्रश्न तोंडी विचारले जात असल्यामुळे आईंना त्या वेळी यंत्र लावूनच न्या.