रंग जात नाही म्हणून कल्चरची (वाढवलेल्या जिवाणूंची) पाकिटं घ्यावीत का?

तुमची अडचण अशी : इचलकरंजीत कापडाचं प्रोसेस आहे, रिअॅक्टिव्ह रंग (सुताशी रासायनिक बंध जोडणारे) वापरता, ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात) सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, उतरतो, पण पाणी लालसरच बाहेर पडतं. विक्रेता 'स्पेशल बॅक्टेरिया'ची पाकिटं घ्या म्हणतोय. माझं मत, सध्या घेऊ नका. आधी टाक्यांचा क्रम बघा.

तुमचे बहुतेक रंग अॅझो जातीचे असणार. त्यांच्या रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. तो तुटायला इलेक्ट्रॉन लागतात, आणि एरेशन टँकमध्ये (पाण्यात हवा सोडणाऱ्या टाकीत) ते ऑक्सिजन आधी पळवतो. म्हणून हवा सोडणारा ब्लोअर कितीही चालवला तरी रंग हटत नाही. शिवाय हे रंग पाण्यात पूर्ण विरघळतात, त्यामुळे गाळाला फारसे चिकटतही नाहीत.

एरेशनच्या आधी एक बंद, हवेविना चालणारी टाकी हवी. तिथले जिवाणू रंग खात नाहीत. ते दुसरं काही खातात आणि उरलेले इलेक्ट्रॉन रंगावर सोडतात, तेव्हा बंध तुटतो. म्हणजे त्यांना खाणं मिळालं पाहिजे, आणि ते तुमच्याकडेच आहे : डिसायझिंगचं पाणी, म्हणजे विणण्याआधी सुताला लावलेली खळ धुऊन काढल्याचं पाणी. ही खळ स्टार्चची असेल तर ते पाणी रंगाच्या पाण्यात मिसळून याच टाकीत घ्या. खळीत पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे कृत्रिम पॉलिमर) असेल तर मात्र त्यावर भिस्त ठेवू नका, ते स्वतःच सावकाश तुटतं. सोडा अॅशमुळे पाण्याचा पीएच १० च्या वर असतो, तो ७-८ वर आणूनच आत सोडा.

रंगाईत ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) वापरत असाल, किंवा पीएच उतरवायला सल्फ्युरिक अॅसिड, तर त्यातल्या सल्फेटपासून या टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होणार. कामगाराला गॅस मोजल्याशिवाय आत उतरवू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. या वायूने माणसं मरतात, आणि वाचवायला उतरलेलीही मरतात.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाही. अॅझो बंध (तोच नायट्रोजनचा दुहेरी बंध) तुटला की अॅरोमॅटिक अमाइन्स नावाची संयुगं उरतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यातली काही कर्करोगकारक आहेत. अशी अमाइन्स सोडणारे रंग कपड्यांत वापरायला जर्मनीने १९९४ मध्ये बंदी घातली ती यासाठीच. हवेविना ती बहुतेक तशीच राहतात, त्यांना ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू लागतात. म्हणून तुमची एरेशन टँक नंतर हवीच. बंद टाकीतून स्वच्छ दिसणारं पाणी थेट सोडलं तर ते पंचगंगेत जातं, आणि नदीकाठची गावं त्या पाण्यावर जगतात. अमाइन्स खाणारे जिवाणू सावकाश वाढतात, तेव्हा एरेशनमधला गाळ सारखा काढून टाकू नका. तिथे पाणी पुन्हा तपकिरी होऊ लागलं तर अमाइन्स खाल्ली न जाता हवेने नुसती ऑक्सिडाइज होत असण्याची शक्यता धरा.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रंग तोडणाऱ्या जिवाणूंवर बरंच संशोधन झालंय, त्यामुळे असे जिवाणू असतात यात शंकाच नाही. पण प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये एकच रंग असतो आणि भरपूर पोषण असतं. तुमच्या टाकीत मीठ, साबण, रोज बदलणाऱ्या शेड्स आणि आधीपासून ठाण मांडलेले जिवाणू असतात. बाहेरून टाकलेलं कल्चर तिथे बहुधा टिकत नाही, वाहून जातं. जुन्या रंगाई प्लँटचा हवेविना मुरलेला गाळ मिळाला तर तो आणा, आणि मिठाचं प्रमाण हळूहळू वाढवत त्याला सवय लावा. मीठ स्वतः मात्र कुठलाच जिवाणू खात नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कमी करायला आरओच, म्हणजे पडद्यातून पाणी गाळणारं यंत्रच, लागेल.

पैसे घालण्याआधी एक चाचणी करा. तीन बाटल्यांत तुमचं रंगाचं पाणी, पीएच उतरवून, आणि टाकीच्या तळचा काळा गाळ घ्या. एकीत डिसायझिंगचं पाणी घाला, दुसरीत तेवढंच साधं पाणी, तिसरीत डिसायझिंगचं पाणी आणि विक्रेत्याचं कल्चर. बाटल्या काठोकाठ भरा, बुचातून नळी काढून तिचं टोक पाण्यात बुडवा, म्हणजे गॅस बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही. उबदार, मोकळ्या हवेच्या जागी दोन-तीन दिवस ठेवा. पहिली आणि तिसरी सारखीच फिकी झाली, तर विक्रेत्याला त्या दोन बाटल्या दाखवा.