१३०० सीसीच्या जुन्या रेस कारला वेबर ४० डीसीओई कार्बोरेटर घ्यावेत की ४५? आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे छोटे स्क्रू) कोणते?

चार सिलेंडर, १३०० सीसी, ७००० आरपीएमपर्यंत चालवायचं आणि दोन वेबर बसवायचे, असं तुम्ही लिहिलंय. ४० घ्या; हा आकडा कार्बोरेटरच्या नळीचा व्यास, मिमीमध्ये. ४५ भारदस्त दिसतात, पण खरा निकाल लावतो तो आतला चोक, म्हणजे व्हेंच्युरी, नळीतला अरुंद भाग. एका सिलेंडरचे ३२५ सीसी गुणिले ७ (म्हणजे ७ हजार आरपीएम), त्याचं वर्गमूळ काढा, ०.८२ ने गुणा. साधारण ३९ येतात, म्हणजे ४० ची बॉडी. तिच्या ८० टक्के म्हणजे ३२ मिमीचा चोक. ३६ घातलात तर अगदी वरच्या आरपीएमला थोडी ताकद वाढेलही, पण वळणातून बाहेर पडताना हवेचा वेग पुरत नाही, पेट्रोल नीट ओढलं जात नाही आणि गाडी मरते. रेसचा वेळ तिथेच जातो.

मेन जेट चोकच्या चौपट धरा: १२८, म्हणून १३०. एअर करेक्टर, म्हणजे त्या पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा जेट, त्याहून ५० ने मोठा, १८०. ही हवा आणि पेट्रोल एकत्र करणारी इमल्शन ट्यूब एफ११, कमी थ्रॉटलचं पेट्रोल देणारा आयडल जेट ४५ एफ९. हे सुरुवातीचे आकडे झाले, आणि तेही जुन्या पेट्रोलचे.

कारण चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या रेस ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्यांचे जेट आज जसेच्या तसे उचलता येत नाहीत. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, याला साधारण १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेत जवळजवळ ९ टक्के जास्त इंधन जायला हवं. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून जेट मात्र ४ टक्केच मोठा लागतो: १३० च्या जागी १३५. फुल थ्रॉटलला लीन (पेट्रोल कमी) चाललेलं इंजिन पिस्टन जाळतं, म्हणून सुरुवात नेहमी रिच (पेट्रोल जास्त) बाजूने करा.

टॅपेट आणि इग्निशन टायमिंग पक्कं झाल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावू नका. पेट्रोलचं प्रेशर ३ पीएसआयच्या आसपास ठेवा, त्यासाठी रेग्युलेटर लावाच. मग फ्लोट लेव्हल (बाउलमधल्या पेट्रोलची पातळी), मग सिंक्रोमीटर या हवा मोजणाऱ्या मीटरने दोन्ही कार्बोरेटरच्या मिळून चारही नळ्यांची हवा सारखी करा.

यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक घाईत उरकतात. पॅडल हळू दाबत नेताना २००० ते ३००० आरपीएममध्ये गाडी अडखळली की पहिला संशय पंप जेटवर (पॅडल झटक्यात दाबल्यावर जादा पेट्रोल मारणारा) घेतला जातो. पण पॅडल हळू दाबताना पंपाचा फारसा संबंधच नसतो. तिथलं पेट्रोल आयडल जेटमधून, प्रोग्रेशनच्या छोट्या भोकांतून येतं. म्हणून आधी आयडल जेट ५० करून बघा. पंप जेटची पाळी पॅडल झटक्यात दाबल्यावर अडखळली तरच. मेन जेट रोलिंग रोडवर (गाडी जागीच रोलरवर पळवणारं यंत्र) लावा, ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर नाही. तिथल्या ट्रॅफिकमध्ये सलग फुल थ्रॉटल मिळत नाही आणि मारूही नये. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं मीटर लॅम्डावर ठेवा; तिथे १ म्हणजे नेमकं प्रमाण, त्याखाली रिच. ०.८७ च्या आसपास आलं की थांबा. शेवटच्या हजार आरपीएमला रिच होत असेल तर मेन जेट तसाच ठेवून एअर करेक्टर वाढवा.

स्वस्तातले नकली जेट घेऊ नका, त्यांच्यावरचा आकडा आणि भोक जुळेलच असं नाही. शंका आली तर वागळे इस्टेटमधल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये पिन गेजने तपासून घ्या. १३५ म्हणजे १.३५ मिमी. आणि जेट रीमर घालून मोठे करू नका, भोकाची कड बिघडली की प्रवाह बदलतो.

ठाणे आणि चेन्नई दोन्ही समुद्रसपाटीच्या जवळ, त्यामुळे इथे लावलेले जेट तिथल्या ट्रॅकवर चालतात. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर फ्लोट बाउल आणि टाकी रिकामी करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुने रबरी पाइपही खातं, ते आत्ताच बदलून टाका.