टनांआधी टेप काढा: पिकअपसाठी ट्रॉली जॅक निवडताना

प्रश्न: माझ्याकडे फोर बाय फोर डबल कॅब पिकअप आहे, रिकामी असताना 2 टनांच्या आसपास. ऑइल बदलणं, ब्रेक पॅड, टायरची अदलाबदल ही कामं घरच्या घरी करायची आहेत. गाडीसोबत मिळालेला जॅक पंक्चरपुरता ठीक आहे, म्हणून चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक घ्यायचा विचार आहे. 2 टनी पुरेल की 3 टनी घ्यावा? मित्र 'लो प्रोफाइल' घे म्हणतो, मला अ‍ॅल्युमिनियमचा हलका आवडलाय. उंची कमी पडली तर वर लाकडी ठोकळा ठेवता येईल ना? गाडी उभी राहते तिथे खडी आहे.

उत्तर: टनांचं आधी मिटवून टाकू. जॅक अख्खी गाडी उचलत नाही, एक टोक उचलतो. रिकाम्या पिकअपचं निम्म्याहून थोडं जास्त वजन इंजिनच्या बाजूला असतं. म्हणजे तुमच्या गाडीचं पुढचं टोक सव्वा टनाच्या आतबाहेर. 2 टनी जॅकला ते जड नाही. तरीही मी 3 टनीच घ्या म्हणेन, कारण त्याचं अंग लांब-रुंद असतं, गाडीला टेकणारी वरची वाटी मोठी असते आणि बहुतेक वेळा तो वरही जास्त जातो. जॅकच्या पाटीवर मात्र किलो वाचा. अमेरिकी मापातला 3 टन म्हणजे 6000 पौंड, सुमारे 2720 किलो. मेट्रिक 3 टन म्हणजे पूर्ण 3000.

तुमच्या पत्रात वजन आहे, जमीन आहे, मित्राचं मतही आहे. उंची कुठेच नाही. पिकअपवाल्यांची फसगत नेमकी तिथेच होते. टेप घेऊन गाडीखाली वाका. समजा, जिथे जॅक लावायचा ती चेसिसची जागा जमिनीपासून 40 सेंटिमीटरवर आहे. तुम्ही हापसायला लागलात की चेसिस वर जाते, पण चाक जागचं हलत नाही. दबलेली स्प्रिंग सुटत राहते, चाक खाली लोंबत राहतं. हा लोंबकळा 10-12 सेंटिमीटर सहज असतो. तो संपला की मग चाक जमीन सोडणार, आणि टायर काढा-घालायला आणखी चार बोटं मोकळी हवीत. बेरीज 55च्या पुढे गेली. बाजारातले बरेचसे साधे 3 टनी जॅक 45 ते 50वर थांबतात. म्हणजे सगळा जोर लावून गाडी वर घेतलीत आणि चाक अजून जमिनीला टेकलेलंच.

यावर उपाय दोन. एक, जास्त उंच जाणारा जॅक; उंच गाड्यांसाठी 70 सेंटिमीटरच्या पुढे जाणारेही मिळतात, ते अंगाने थोराड असतात. दुसरा मला जास्त पसंत: जॅक चेसिसला न लावता दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलला लावा. मागचा एक्सल सरळ, अखंड असतो, त्याच्यासोबत चाक लगेच वर येतं, लोंबकळ्याचा प्रश्नच नाही. त्याची नळी जमिनीपासून 30-32 सेंटिमीटरवर असेल, तर साधा जॅकसुद्धा हसतखेळत पुरतो. एक्सलच्या मध्ये फुगलेल्या डिफरेन्शियलच्या गोळ्याला जॅक लावायचा की नाही, हे गाडीच्या पुस्तकात बघा. काही कंपन्यांना ते चालतं, काहींना नाही. पुढच्या बाजूच्या जागाही पुस्तकातूनच घ्या. इंजिनचा चेंबर, म्हणजे खालची तेलाची टाकी, आणि गिअरबॉक्स या जॅक लावायच्या जागा नव्हेत, कितीही सोयीच्या दिसोत.

लो प्रोफाइल जॅक खालून जेमतेम 8-10 सेंटिमीटरच्या फटीत शिरतो, म्हणून जमिनीला घासणाऱ्या गाड्यांना तो लागतो. तुमच्या पिकअपखाली माणूस शिरतो. त्या गुणाचे पैसे कशाला मोजायचे? आणि लाकडी ठोकळ्याचं उत्तर नाही असंच आहे. जॅकचा हात वर जाताना वाटी सरळ उभी चढत नाही, कमानीत फिरते. ठोकळा त्या वाटीत नुसता ठेवलेला. तो तिरपा झाला की निसटतो किंवा लाकडाच्या रेषेवर चिरतो. वाटी काढून त्या भोकात खिळीसारखी बसणारी वाढीव वाटी काही जॅकबरोबर येते, तशी असेल तर जरूर वापरा.

त्याच कमानीमुळे तुमची खडी अडचणीची आहे. गाडी वर जाताना जॅकने स्वतः थोडं पुढे, गाडीखाली सरकायला हवं. त्याची लोखंडी चाकं त्यासाठीच तर आहेत. खडीत ती रुततात, जॅक जागेवर अडतो आणि मग वाटी गाडीला आडवी ओढू लागते. जाड प्लायवुडचा मोठा तुकडा, 18-20 मिलिमीटरचा, जॅकखाली अंथरा. उचललेली गाडी ज्यांच्यावर टेकवून ठेवायची त्या लोखंडी घोड्यांखालीही तसेच तुकडे. शक्य असेल तर खरं म्हणजे तेवढी जागा काँक्रीटची करून घ्या, जॅकपेक्षा तो खर्च जास्त उपयोगी पडेल.

अ‍ॅल्युमिनियमचं म्हणाल, तर तो उचलून नेणाऱ्यांसाठी छान. तुमचा जॅक एका कोपऱ्यात राहणार आणि चाकांवर फिरणार. पोलादी जॅक 35-40 किलोंचा असला तरी बिघडत नाही. 'ड्युअल पंप' लिहिलेलं असेल तर वाटी गाडीला टेकेपर्यंत हापसे कमी लागतात इतकंच. ताकद वाढत नाही. दांडा लांब घ्या. आणि विकत घेताना जॅक वर करून सोडण्याचा दांडा हळूहळू फिरवून बघा. धाडकन खाली येणारा जॅक मला कितीही स्वस्त मिळाला तरी नको. पाटीवर अमेरिकेच्या 'एएसएमई पेस' (ASME PASE) किंवा युरोपच्या 'ईएन 1494' मानकाचा उल्लेख असेल तर बरं.

तुम्ही घोड्यांबद्दल काहीच विचारलं नाहीत, त्याची मला जास्त काळजी वाटते. जॅक उचलण्यासाठी, धरून ठेवण्यासाठी घोडी. सीलमधून तेल गळलं की जॅक बसतो; घोडीत तेल नाही. त्यांची उंचीही टेपने मोजून घ्या, नाहीतर जॅक पोचेल आणि घोडी चेसिसपर्यंत पोचणार नाही. घोडीवरचा भार एकीचा लिहिलाय की जोडीचा, हेही वाचा. 2020 साली अमेरिकेत अशा लाखो घोड्या परत मागवल्या गेल्या, कारण उंची धरून ठेवणारे दात आणि खटका नीट अडकत नव्हता. म्हणून गाडी टेकवल्यावर खटका डोळ्यांनी बघा, गाडीला बाहेरूनच जोरात हलवा आणि मग आत सरका.

आणखी एक. हँडब्रेक बहुतेक पिकअपमध्ये मागच्या चाकांवर असतो. मागचं टोक उचललंत की ब्रेक हवेत आणि गाडी पुढच्या मोकळ्या चाकांवर. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावल्याशिवाय पहिला हापसासुद्धा मारू नका. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा.

प्रश्न: माझा जुना ट्रॉली जॅक वजन घेतो, पण रात्रभरात खाली येतो. दुरुस्त होईल का?

उत्तर: रात्रभर गाडी जॅकवर का, हे आधी स्वतःला विचारा, वरचं उत्तर तुम्हीही वाचा. जॅक बहुतेक वेळा दुरुस्त होतो. हात पूर्ण खाली करून तेलाचं बूच काढा आणि पातळी बघा. कमी असेल तर जॅकचं हायड्रॉलिक ऑइलच घाला. ब्रेक ऑइल घातलंत तर सील फुगून कामातून जातील. नंतर सोडण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून दांडा दहा-पंधरा वेळा हापसा, म्हणजे अडकलेली हवा निघेल. तरीही बसत असेल तर त्या व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा आहे किंवा सील झिजलंय. सील किट मिळत असेल तर काम सोपं आहे. काम करताना आणखी एक स्क्रू दिसेल, बहुधा लाखेने किंवा टोपणाने बंद केलेला. तो ओव्हरलोड व्हॉल्व्ह, जॅकला झेपेल त्याहून जास्त वजन उचलू न देणारा. कारखान्यात लावून दिलेला असतो, त्याला पान्हा लावू नका.