टाइम स्टेप लहान केली आणि उत्तर बिघडले

प्रश्न : मी यांत्रिकी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. एक मीटर लांबीच्या पोलादी सळईतील उष्णतावहनाचे एकमितीय समीकरण मी फेनिक्स या फायनाइट एलिमेंट (वस्तूचे लहान तुकडे पाडून गणित करणाऱ्या) सॉफ्टवेअरने सोडवत आहे. सळई सुरुवातीला सर्वत्र २५ अंश सेल्सिअसवर आहे आणि शून्य क्षणी तिचे डावे टोक १०० अंशांवर नेऊन तेथेच ठेवले आहे. ५० समान रेषीय एलिमेंट (तुकडे), काळात पुढे सरकण्यासाठी बॅकवर्ड ऑयलर पद्धत आणि १ सेकंदाची टाइम स्टेप (एका वेळी पुढे सरकण्याचा अवधी) घेतल्यावर पहिल्याच स्टेपनंतर टोकालगतच्या नोडवर, म्हणजे एलिमेंटच्या जोडबिंदूवर, १०.४ अंश तापमान आले. स्टेप ०.१ सेकंद केली, तर ते ५.५ पर्यंत घसरले. सळई कोठेही थंड केलेली नसताना असे का व्हावे? बॅकवर्ड ऑयलर तर कोणत्याही स्टेपला स्थिर असते ना? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : तुमच्या कोडमध्ये चूक नाही. बॅकवर्ड ऑयलर स्थिर असते हेही खरे, परंतु स्थिरतेची हमी एवढीच असते की चुका वाढत जाऊन उत्तर हाताबाहेर जाणार नाही. तापमान सुरुवातीच्या आणि टोकाच्या तापमानांच्या मर्यादेतच राहील, ही हमी त्याहून वेगळी आहे आणि ती येथे मोडली आहे.

फेनिक्ससारख्या फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरला काळ ठाऊक नसतो. काळाचे विभाजन आपण करतो आणि प्रत्येक स्टेपला त्याच्याकडून एक स्थिर समस्या सोडवून घेतो, जिच्या मॅट्रिक्समध्ये मास मॅट्रिक्स (उष्णता साठण्याचा भाग) आणि स्टेपने गुणलेला स्टिफनेस मॅट्रिक्स (उष्णता वाहण्याचा भाग) यांची बेरीज असते. एलिमेंटची लांबी h, उष्णता विसरण गुणांक α आणि स्टेप Δt मानली, तर आतल्या कोणत्याही नोडच्या ओळीत शेजारच्या नोडचा गुणक h/६ − αΔt/h असा येतो. स्टेप फार लहान असली की यातले पहिले पद वरचढ ठरते, गुणक धन होतो, आणि मग शेजारचा नोड तापला की त्याची भरपाई म्हणून हा नोड गार दाखवावा लागतो. हे टाळण्यासाठी Δt किमान h²/६α इतकी हवी. साध्या पोलादासाठी α सुमारे १.२ × १०⁻⁵ चौरस मीटर प्रतिसेकंद असतो आणि तुमचा h ०.०२ मीटर आहे, म्हणून ही मर्यादा सुमारे ५.६ सेकंद येते. तुमच्या दोन्ही स्टेप तिच्या बऱ्याच खाली आहेत.

तुमचा आकडा कागदावरही पडताळता येतो. १ सेकंदाच्या स्टेपला ती ओळ h ने भागली, तर नोडचा स्वतःचा गुणक ०.७२७ आणि प्रत्येक शेजाऱ्याचा ०.१३७ येतो. अशा समीकरणांचे उत्तर नोडागणिक −०.१९५ ने गुणले जाते. टोकाची वाढ ७५ अंशांची, म्हणून पहिल्या नोडवर १४.६ अंशांची घट, दुसऱ्यावर २.९ ची वाढ, तिसऱ्यावर पुन्हा ०.६ ची घट, अशी करवतीच्या दात्यांसारखी रेघ दिसते. स्टेप शून्याकडे नेत गेलात, तर पहिल्या नोडचे तापमान ४.९ अंशांकडे जाईल. उलट ६ सेकंदांची स्टेप घेतली, तर ते २६.० येईल.

म्हणून ६ सेकंदांची स्टेप घ्या आणि विषय संपवा, असे मात्र मी सुचवणार नाही. १ सेकंदात उष्णता साधारण √(αt), म्हणजे सुमारे ३.५ मिलिमीटर आत शिरते आणि तुमचे एलिमेंट २० मिलिमीटरचे आहे. एवढ्या अवधीत जे घडते ते या जाळीत मावतच नाही. मास लंपिंग, म्हणजे मास मॅट्रिक्सच्या प्रत्येक ओळीची बेरीज कर्णावर गोळा करणे, हा उपायही अनेकदा सुचवला जातो. फेनिक्समध्ये मास पदासाठी व्हर्टेक्स हा क्वाड्रेचर (संकलनाचा) नियम दिला की ते होते, आणि मग पहिल्या नोडवर २७.१ अंश येतात. उत्तर २५ च्या खाली जात नाही हे खरे, पण त्या ठिकाणी १ सेकंदानंतरचे खरे तापमान २५.०० आहे. माझ्या मते अशा वेळी लंपिंग जाळीचा दोष झाकते, दूर करत नाही.

खरा उपाय जाळी बदलण्याचा आहे आणि एकमितीय समस्येत तो जवळजवळ फुकट मिळतो. एलिमेंट ५० च ठेवा आणि मीटरमध्ये मोजलेल्या प्रत्येक नोडच्या अंतराचा वर्ग करून ते नवे स्थान म्हणून द्या. डावीकडचे पहिले एलिमेंट ०.४ मिलिमीटरचे होईल आणि उजवीकडचे शेवटचे सुमारे ४ सेंटिमीटरचे. दूरच्या मोठ्या एलिमेंटमध्ये वरची अट मोडेल, पण तोवर तेथे उष्णता पोहोचलेलीच नसते, त्यामुळे दोष नगण्य राहतो. त्यानंतर एक तपासणी अवश्य करा. उजव्या टोकाला उष्णतेचा स्पर्श होईपर्यंत या समस्येचे उत्तर पूरक त्रुटी फलनाने (erfc) नेमके देता येते. त्यानुसार ६० सेकंदांनी टोकापासून ५ सेंटिमीटरवर सुमारे ३९.१ अंश यायला हवेत. स्टेप निम्मी करत गेल्यावर तुमचा आकडा त्याकडे सरकला पाहिजे.

प्रश्न : अशाच समस्येत अधिक अचूकतेसाठी क्रँक-निकोल्सन पद्धत वापरली, तर तापलेल्या टोकाजवळ तापमान दर स्टेपला वरखाली होत राहते. ही पद्धत सोडून द्यावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सोडू नका. जॉन क्रँक आणि फिलिस निकोल्सन यांनी १९४७ मध्ये मांडलेली ही पद्धत स्टेपच्या बाबतीत दुसऱ्या क्रमाची अचूक आहे, म्हणजे स्टेप निम्मी केली की चूक सुमारे पाव होते. तिची अडचण फक्त सुरुवातीच्या धक्क्याशी आहे. ०.४ मिलिमीटरच्या एलिमेंटला आणि १ सेकंदाच्या स्टेपला उत्तराचा सर्वांत वेगाने विरणारा भाग प्रत्येक स्टेपला सुमारे −०.९९६ ने गुणला जातो, म्हणजे त्याचे चिन्ह उलटते पण आकार जेमतेम घटतो. बॅकवर्ड ऑयलर तोच भाग एका स्टेपमध्ये सुमारे ९०० पटींनी कमी करते. रॉल्फ रॅनाखर यांनी १९८४ मध्ये केलेल्या विश्लेषणावर आधारलेली रूढ रीत अशी, की पहिल्या दोन स्टेपच्या जागी बॅकवर्ड ऑयलरच्या चार अर्ध्या स्टेप घ्यायच्या आणि पुढे क्रँक-निकोल्सन चालू ठेवायची. दुसऱ्या क्रमाची अचूकता टिकते, आणि बॅकवर्ड ऑयलरच्या अर्ध्या स्टेपचा डावीकडचा मॅट्रिक्स क्रँक-निकोल्सनच्या पूर्ण स्टेपच्या मॅट्रिक्ससारखाच असल्यामुळे लूपच्या बाहेर एकदाच केलेले त्याचे अवयवीकरण (सोप्या मॅट्रिक्सच्या गुणाकारात केलेली मांडणी) दोन्हींना चालते.