फोनला मोठं अपडेट आलंय, भाऊ म्हणतो करू नकोस. करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोन २०२२ मध्ये घेतलेला, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, त्यातलं ५८ जीबी भरलेलं. फोन अजून अँड्रॉइड १२ वरच आहे. कंपनीनं या मॉडेलला १३ आणि नंतर १४ दिलं, पण १३ चं अपडेट तुम्ही वर्षभर 'नंतर' म्हणून सारताय. भाऊ सांगतोय की कंपन्या अपडेटमधून जुने फोन मुद्दाम मंद करतात, हात लावू नकोस.

माझं उत्तर: करा. फक्त आज रात्री नको. आधी फोनमध्ये जागा करा, फोनमधल्या जीमेलचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे का ते बघा आणि मग करा.

कराडला एसटी स्टँडजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. "अपडेट मारलं आणि फोन गेला" हे आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर येतं. पहिली चार-पाच वर्षं मी स्वतः गिऱ्हाइकांना ऑटो अपडेट बंद करून द्यायचो आणि त्यांच्या भल्याचं केलं असं समजायचो. म्हणून तुमच्या भावाचं म्हणणं मला परकं नाही, आणि ते अगदी हवेतलंही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं मान्य केलं होतं की जुन्या बॅटरीच्या काही आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला जातो. त्या वर्षाच्या जानेवारीत आलेल्या आयओएस (आयफोनची सिस्टीम) १०.२.१ पासून हे चालू होतं आणि लोकांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढं २०१८ मध्ये इटलीच्या नियामकानं ॲपल आणि सॅमसंग दोघांनाही अपडेटमुळे फोन मंदावल्याबद्दल दंड केला, २०२० मध्ये फ्रान्सनं ॲपलला अडीच कोटी युरोंचा. न सांगता केलं, ही फसवणूकच होती असं मी मानतो.

पण त्या प्रकरणात वेग का कमी केला होता, हे भावाला जरूर सांगा. कारण बॅटरी होतं. लिथियमची बॅटरी जुनी झाली की तिचा आतला विरोध वाढतो. प्रोसेसरनं एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली येतं आणि ३० टक्के चार्जिंग दिसत असतानाही फोन बंद पडतो. शेतात व्होल्टेज डाऊन असलं की मोटर पाणी उचलत नाही, तसंच. फोन बंद पडू नये म्हणून ॲपलनं प्रोसेसरचा जोर कमी केला होता. ज्यांनी नवी बॅटरी टाकली त्यांचा वेग परत आला. गवगवा झाल्यावर कंपनीनं बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला आणि मार्च २०१८ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारी सोय सेटिंगमध्ये दिली.

दुकानात मला दिसतं ते याच्याशी जुळतं. अपडेटनंतर मंद झाला म्हणून आलेला फोन मी उघडतो तेव्हा बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट सापडते, थकलेली (कधी फुगलेली) बॅटरी किंवा काठोकाठ भरलेलं स्टोरेज. दोन्ही आधीपासून असतात. मोठं अपडेट बसलं की फोनला एकदम काम लागतं. प्रत्येक ॲप नव्या आवृत्तीसाठी पुन्हा तयार करायचं, फोटोंची यादी पुन्हा करायची. पहिले दोन-तीन दिवस फोन गरम होतो, चार्जिंग भराभर उतरतं. थकलेली बॅटरी नेमकी त्याच दिवसांत हात टेकते आणि दोष अपडेटच्या माथी बसतो.

तुमच्या बाबतीत मला बॅटरीपेक्षा त्या ५८ जीबीची काळजी वाटते. फोनच्या मेमरीत जुन्या जागेवर थेट नवं लिहिता येत नाही. आधी तिथला मोठा तुकडा पुसावा लागतो, आणि त्या तुकड्यातलं कामाचं असेल ते दुसरीकडं हलवावं लागतं. मोकळी जागा नसेल तर ही हलवाहलव सतत चालते, आणि कीबोर्ड उघडायलाही फोन विचार करतो. अपडेटच्या आधी निदान १२ ते १५ जीबी मोकळे करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'मॅनेज स्टोरेज' म्हणून आहे, तिथं मोठ्या व्हिडिओंची यादी मिळते. बहुतेकांचे सात-आठ जीबी तिथंच निघतात. टेलिग्रामवर पिक्चर उतरवत असाल तर तेही बघा. घरचे फोटो मात्र पुसू नका, ओटीजी (थेट फोनला लागणाऱ्या) पेनड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर काढून घ्या. व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गुगलच्या फुकटच्या १५ जीबीतच मोजला जातो. ते १५ जीबी भरले असतील तर बॅकअप कधीचा थांबलेला असतो आणि कळतही नाही. शेवटच्या बॅकअपची तारीख डोळ्यांनी बघा.

आता पासवर्डचं, कारण मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं. आपल्याकडं नवा फोन घेताना दुकानातला पोरगा पटकन एक जीमेल तयार करून देतो. आयडी त्याच्या मनाचा, पासवर्ड त्याच्या मनाचा, आणि गिऱ्हाईक फोन घेऊन घरी. तीन वर्षांनी काही बिघडलं, फोन रिसेट करायची वेळ आली, की फोन तोच आयडी-पासवर्ड मागतो. २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये हे कुलूप आहे, चोरीच्या फोनचा उपयोग होऊ नये म्हणून. कुलूप चांगलंच आहे, पण इथं मालकच बाहेर अडकतो. गेल्या पावसाळ्यात एक अंगणवाडी ताई आल्या होत्या, डोळ्यांत पाणी. फोन स्वतःचा, बिल स्वतःच्या नावाचं, पण आत जाता येईना, आणि गेलेल्या वडिलांचे फोटो त्या जीमेलवर असतील ही आशा. नंबरही तेव्हाचा बदललेला, त्यामुळं ओटीपी येणार कुठं? मला काही करता आलं नाही. म्हणून आजच सेटिंगमध्ये 'गुगल' उघडा, आयडी कागदावर लिहा, पासवर्ड बदलून घ्या, आणि परत मिळवायच्या नंबरात आताचा चालू नंबर घाला. अपडेट केलं नाहीत तरी एवढं करा.

आता 'करा' असं मी का म्हणतो ते. अपडेट दोन प्रकारची असतात आणि लोक दोन्हीला एकच समजतात. एक आवृत्ती बदलणारं, म्हणजे १२ वरून १३. त्यात दिसणं बदलतं, बटणं हलतात. दुसरं सुरक्षेचं, आकारानं लहान, दिसायला काहीच नवं नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात स्टेजफ्राइट नावाची चूक उघड झाली. नुसता एक व्हिडिओ असलेला मेसेज पाठवून फोनमध्ये शिरता येत होतं. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गुगल दर महिन्याला सापडलेल्या भगदाडांची यादी आणि त्यांची दुरुस्ती काढतं. आणि या यादीत अँड्रॉइड १२ साठीची दुरुस्ती २०२५ मध्ये बंद झाली. म्हणजे तुम्ही १२ वर बसून राहिलात तर नवी भगदाडं उघडीच राहणार. जुन्या आवृत्त्या अशा एकेक करून बाद होत जातात, म्हणून १३ वरही थांबू नका. १३ बसल्यावर आठवडाभर फोन वापरून बघा, मग १४ घ्या.

माझं मत बदललं ते एका निवृत्त मास्तरांमुळं. त्यांचं ऑटो अपडेट मीच बंद करून दिलं होतं. व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरावरून लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल आली, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल. त्यांनी उघडली, विचारलेल्या सगळ्या परवानग्या दिल्या, आणि दोन तासांत पेन्शनच्या खात्यातून पैसे गेले. ओटीपी त्या ॲपनंच वाचून पुढं पाठवले होते. अपडेट असतं तर हे नक्की टळलं असतं असं मी म्हणणार नाही, कारण परवानगी माणूस स्वतःच्या बोटानं देतो. पण अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरच्या बाहेरून अशी फाइल उघडून टाकलेल्या ॲपला 'ॲक्सेसिबिलिटी' (स्क्रीनवरचं वाचायची, स्वतः बटणं दाबायची मुभा) आणि नोटिफिकेशन वाचायची परवानगी सरळ देता येत नाही, ते बटण धूसर होतं. अँड्रॉइड १५ मध्ये अनोळखी ॲपला नोटिफिकेशनमधला ओटीपी दिसत नाही. सत्तरीतल्या माणसाला तेवढा एक अडथळाही थांबवू शकतो, थांबून मुलाला फोन करायला लावू शकतो. तो अडथळा मास्तरांच्या फोनमध्ये नव्हता, आणि तो यायचा रस्ता मी बंद केला होता. ते अजूनही दुकानावरून जाताना हात करतात, एका शब्दानं बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी कुणाचंही अपडेट बंद करून देत नाही. (असं कुणाच्या बाबतीत घडलं तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात अडकवायचे असतील तर पहिला तासच कामाचा.)

अपडेटनं कधीच काही बिघडत नाही असं मात्र कुणी म्हटलं तर मी मानणार नाही. अपडेटनंतर स्क्रीनवर उभी हिरवी लाईन आलेले फोन मी माझ्या हातानं बघितलेत. ॲमोलेड डिस्प्लेचे, दोन-तीन वर्षांचे, पडलेले नाहीत, भिजलेले नाहीत. वॉरंटी संपलेली, आणि डिस्प्लेचा खर्च जवळजवळ अर्ध्या फोनाएवढा. असं झालं तर फोन माझ्यासारख्याकडं उघडायला आणू नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. काही मॉडेलना वॉरंटीबाहेरही डिस्प्ले मोफत बदलून मिळालाय, पण बाहेर उघडलेला फोन ते घेत नाहीत. नकार दिला तर तो लेखी मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे की मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट द्यायचीच, आणि बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता धरून राहिली पाहिजे. आपल्याकडं अशी सक्ती अजून नाही. दहा-बारा हजारांचा फोन हप्त्यावर घेणाऱ्या माणसाला या नियमाची गरज युरोपातल्या माणसापेक्षा जास्त आहे, असं मला मनापासून वाटतं.

प्रत्यक्ष करताना एवढं पाळा. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर मोठं अपडेट सुरू करू नका, ते दोन-तीन जीबीचं असू शकतं आणि मध्येच अडकतं. कुणाच्या तरी वायफायवर उतरवा. चार्जिंग ६० टक्क्यांच्या वर हवं. फोन वापरात असतानाच मागं अपडेट बसत असेल आणि शेवटी फक्त 'रिस्टार्ट' विचारत असेल, तर नवी आवृत्ती वेगळ्या कप्प्यात लिहिली जातेय. बिघाड झाला तर फोन जुन्या आवृत्तीवर परत येतो, फार भीती नाही. पण काळा स्क्रीन आणि टक्के मोजणारी पट्टी आली तर ती पूर्ण होईपर्यंत बटण दाबू नका, अर्धा तास लागला तरी. बसल्यावर घाईनं मत बनवू नका, तीन दिवस फोनला त्याचं काम करू द्या. जुन्या आवृत्तीवर परत जाऊन मिळेल हा विचार सोडा. बऱ्याच फोनमध्ये ती वाट बंद असते, आणि "सॉफ्टवेअर मारून देतो" म्हणणाऱ्याकडं गेलात तर फोनमधला सगळा डेटा जातो.

चौथ्या दिवशीही फोन खिशात नुसता ठेवून गरम होत असेल, किंवा २०-३० टक्क्यांवर अचानक बंद पडत असेल, तर बॅटरी तपासून घ्या. फोनची पाठ किंचित उचललेली दिसली तर चार्जिंगला लावूच नका, ती फुगलेली आहे. यातलं काही नसेल आणि तरी फोन मंदच वाटत असेल, तर मॉडेल नंबर आणि 'अबाउट फोन'मध्ये दिसणारी सिक्युरिटी अपडेटची तारीख इथं खाली लिहा. दुकान बंद केल्यावर रात्री नवाच्या पुढं मी बघतो.