बफर ओळखायचं कसं?

भाऊ, बफर म्हणजे थोडं आम्ल किंवा अल्कली पडली तरी ज्याचा सामू (pH) फारसा हलत नाही असं द्रावण. त्याचा सामू काढायचं हेंडरसनचं समीकरण सध्या बाजूलाच ठेव. जळगावात क्लासला येणारी बरीच पोरं तिथूनच सुरुवात करतात नि अडकतात. जोडी दिसली की एवढंच विचार: सौम्य आम्ल आणि त्याचंच प्रोटॉन गमावलेलं रूप, दोन्ही बऱ्यापैकी शिल्लक आहेत का?

- अ‍ॅसेटिक आम्ल आणि सोडियम अ‍ॅसिटेट: बफर. अमोनिया आणि अमोनियम क्लोराइड: तोही.
- हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मीठ: नाही. क्लोराइड प्रोटॉन परत घेतच नाही.
- अ‍ॅसेटिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड): खरी गोम इथे आहे. तीव्र अल्कली दिसली की पोरं पर्याय खोडून मोकळी. अरे, कोणाचे किती मोल (पदार्थाचं रासायनिक माप) आहेत ते आधी मोज! ०.१ मोलरचं (लिटरमागे ०.१ मोल) १०० मिली आम्ल, त्यात ०.१ मोलरचाच ५० मिली सोडा: अर्ध्या आम्लाचं अ‍ॅसिटेट झालं, अर्धं उरलं. झकास बफर, सामू सुमारे ४.७६. सोडाही १०० मिली ओतलास तर आम्ल संपलं, बफर गेला.

रावेर-यावलकडे चुनखडीच्या जमिनीत गंधक टाकूनही सामू सहज उतरत नाही, त्यामागेही कार्बोनेट-बायकार्बोनेटचीच जोडी. फॉस्फेटच्या जोड्या मात्र पुढच्या महिन्यात बघ. आज अशी दहा मिश्रणं घे नि प्रत्येकात अभिक्रियेनंतर काय उरलं ते वहीत लिही.